मेंढरांच्या वाटेवर लावलेली झाडं

दिपाली माझ्या शाळेत चौथीला होती, म्हणजे निम्मी चौथी. दिवाळी झाली की तिचे आईवडील मेंढरं घेऊन बाहेर पडायचे आणि ही त्यांच्या मागं. परत यायची तोवर वर्ग अपूर्णांकात पोचलेला असे आणि ती गुणाकाराशीच थांबलेली. समजलं नाही तर ती विचारत नसे. माहीत असलेलंही, कुणाला खटकेल असं वाटलं, की बोलत नसे. ओठ मिटून पाटीकडं बघत बसे. पुढं ती वनरक्षक झाली आणि नेमणूक आमच्याच बिबवाडीला मिळाली. सेनगाव तालुक्यातलं हे गाव, तीनशे उंबऱ्यांचं. अंगावर खाकी आली, गावातली माणसं तिला म्याडम म्हणू लागली, पण ओठ मिटायची सवय तशीच राहिली.

गावाच्या उत्तरेला वनखात्याचा माळ आहे. तीन पावसाळ्यांपूर्वी त्यावर झाडं लावायचं ठरलं, जनावरं अडवायला भोवती चर खणला. गावाची वनसमिती झाली, संतराम तिचे अध्यक्ष झाले. संतराम थोडं बोलणारे, बोलले की त्यावरून न हटणारे. पण झाडं जगवली ती त्यांच्या पत्नीनं, द्वारकाबाईंनी, आणि त्यांच्याबरोबरच्या आठ-दहा बायकांनी. दोन उन्हाळे डोक्यावर घागरी घेऊन त्यांनी तळ्यावरून पाणी घातलं. सीताफळ, करंज, कडुनिंब. द्वारकाबाईंच्या वाट्याला सव्वाशे रोपं होती आणि त्यांतलं कुठलं कधी वाळलं हे त्या न बघता सांगायच्या.

यंदाच्या जानेवारीत दिपाली तीन दिवसांच्या शिबिराला जाऊन आली. जंगल, पाणी, माती यांची कामं करणाऱ्यांना माणसांची भांडणं कशी मिटवायची ते शिकवणारं शिबिर. मला सांगताना ती हसत होती.

"बाई, तिथं खोटंखोटं भांडण लावून देतात. मला वाळूवाल्याचं काम दिलं होतं. सगळ्यांत जास्त टाळ्या मला."

"आणि शिकलीस काय?"

"माणूस काय मागतो ते लिहायचं नाही म्हणे. तो कशाला भितो ते विचारायचं, ते लिहायचं."

त्यानंतर आठवडाही झाला नाही.

दुपारी बाराच्या सुमाराला सोमेश्वर माळाकडून पळत आला. सोमेश्वर समितीचा सचिव, त्याचा छोटा हत्ती टेम्पो आहे. गावची तूर, हरभरा तोच बाजाराला नेतो, आणि जीभ त्याची गाडीपेक्षा जोरात धावते. माळात मेंढरं शिरली होती. माणसं काठ्या घेऊन गेली. नव्वद मेंढ्या आणि दहा-बारा शेळ्या रोपांच्या ओळींत निवांत चरत होत्या, राखणारा कुठंच नव्हता. लोकांनी सगळा कळप हाकून आणला आणि ग्रामपंचायतीच्या जुन्या कोंडवाड्यात घातला. पत्रे उडालेला तो कोंडवाडा दहा वर्षांत कुणी उघडला नव्हता. दाराला बैलगाडीची साखळी लावली.

दिपाली आली तेव्हा मीही तिथंच होते. द्वारकाबाई एक तुटका शेंडा हातात धरून उभ्या होत्या. थोड्या वेळानं मेंढ्यांचा धनी धापा टाकत पोचला. मसाजी त्याचं नाव, कळमनुरीकडचा, साठीच्या आसपासचा. हापशावर पाणी भरायला गेला होता, परत येतो तर कळप नाही.

"मेंढरं सोडा माझी," तो म्हणाला.

"काहून घाई करता पाव्हणं?" सोमेश्वर म्हणाला. "तुमची मेंढरं पोटभर जेवलीत. वामकुक्षी करून राहिलीत."

"साठ रोपं गेली," संतराम म्हणाले. "म्याडम, गुन्हा नोंदवा. मेंढरं सुटणार न्हाईत."

दिपालीनं तिच्या साहेबांना फोन लावला. ते बैठकीत होते. पंचनामा करा, मी उद्या सकाळी येतो, तोवर एकही जनावर सोडायचं नाही, असं सांगून त्यांनी फोन ठेवला. तिनं ते मोठ्यानं सांगितलं. लोकांना बरं वाटलं. मसाजी खाली बसला.

"म्याडमला जड चाललंय," सोमेश्वर हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "घरचाच माणूस हाय ना त्यांचा. मेंढक्याच्या पोरीनं मेंढक्यावर गुन्हा कसा टाकावा?"

ती ऐकून न ऐकल्यासारखी माळावर गेली. पंचनामा केला, रोपं मोजली, पंचांच्या सह्या घेतल्या. एकोणसाठ भरली. परत आली तेव्हा तीन वाजले होते आणि कोंडवाड्यातून निराळाच आवाज येऊ लागला होता. मेंढ्या ओरडत होत्या. एक थांबली की दुसरी, आणि सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला, पूर्वेला.

दिपाली भिंतीवरून आत बघत उभी राहिली. तिचे ओठ मिटलेले होते. मग तिनं पिशवीतून वही काढली आणि संतरामांच्या समोर, मातीत बसली.

"आबा, एक विचारते. मेंढरं सोडली तर तुम्हाला भीती कशाची वाटते?"

"भीती?" संतरामांना शब्द आवडला नाही. "भ्यायचं काय त्यात? आज सोडली की रातोरात वाशीमच्या हद्दीत. सकाळी साहेब येऊन काय माती बघणार? गेल्या साली असाच एक जण गेला."

तिनं लिहून घेतलं आणि मसाजीकडं वळली. गावासमोर ती त्याला मामा म्हणाली नाही.

"तुम्ही कशाला भिता?"

मसाजीनं तिच्याकडं असं बघितलं, की हे तू मला विचारतेस? मग म्हणाला, "लेकरं मरतील."

"कोणाची लेकरं?" द्वारकाबाई त्या दुपारी पहिल्यांदा बोलल्या.

"हिची." त्यानं भिंतीकडं हात केला. "एकेचाळीस कोकरं वाड्यावर हायेत. आठ-पंधरा दिवसांची. मेंढरं चरायला निघाली का लेकरं जाळीत कोंडून ठेवतो आमी. पहाटं पाजलं, आता दिवस मावळायला पाजायचं. ह्या थंडीत रातभर बिनदुधाची ऱ्हायली तर सकाळी उठत न्हाईत."

मेंढ्या कोंडणाऱ्या कुणाच्याही हे ध्यानात आलं नव्हतं. आमच्या गावात गाई आहेत, म्हशी आहेत, वासरू गोठ्यातच असतं. मेंढ्यांची पिल्लं दोन किलोमीटरवर वाट बघत असतील असा विचार कोण करणार? दिपालीला मात्र पहिल्या नजरेत कळलं असणार. कासा भरलेल्या तिला दिसत होत्या. पण आपण बोललो तर आपल्या माणसाची बाजू घेतली म्हणतील, म्हणून ती तीन तास गप्प राहिली होती.

"खोटं बोलून राहिला," सोमेश्वर म्हणाला. "सोडवायची युक्ती हाय ही."

"आवाज ऐकू येत न्हाई का तुला?" द्वारकाबाई म्हणाल्या.

"मग काय, सोडायची?" संतरामांनी बायकोकडं रागानं बघितलं.

"मेंढरं हालणार न्हाईत. माझी झाडं खाल्ली त्यांनी." द्वारकाबाईंनी हातातला शेंडा अजून टाकला नव्हता. "लेकरं इकडं आणा."

मग दिपाली उठली आणि सोमेश्वरला म्हणाली, "गाडी काढा."

"माझी?"

"मी काय, डोक्यावर घागरीत आणू?" ती म्हणाली. दोन-तीन जण हसले, आणि सोमेश्वरला किल्ली काढावी लागली.

मसाजीला संतरामांनी जाऊ दिलं नाही. त्यामुळं गाडीत दोघंच गेली. पुढची हकिकत मला नंतर दोघांकडून निरनिराळी ऐकायला मिळाली. जिथं दोघांचं जुळतं तेवढीच लिहिते.

वाडा, म्हणजे मेंढपाळांचा मुक्काम, पूर्वेला तुरीच्या मोकळ्या रानात होता. जाळीचं कुंपण, त्यात कोकरं, बाहेर बांधलेलं एक तट्टू. मसाजीची बायको भागाबाई गाडी बघताच काठी घेऊन जाळीच्या तोंडाशी उभी राहिली. मेंढ्या आल्या नव्हत्या, नवरा आला नव्हता, आला तो गाववाल्यांचा टेम्पो आणि त्यात खाकी.

"मामी, मेंढरं कोंडवाड्यात आहेत. कोकरं तिकडं न्यायला आलोय, पाजायला."

"माजा माणूस कुटं हाय?"

दिपालीनं मसाजीला फोन लावून तिच्या हातात दिला. "दे लेकरं," तिकडून मसाजी म्हणाला. भागाबाईनं फोन परत केला.

"काठ्या घेऊन चारजण भवती बसले तर तो दुसरं काय म्हनंल? आईला कोंडलं, आता लेकरं उचलाय आले." मग तिनं दिपालीकडं नीट बघितलं. "तू हनुमानची पोरगी ना? ह्याच रानातून तुला तट्टावर बांधून नेत व्हती तुजी माय. आमचीच पोरगी आमच्या लेकरांवर आली."

"म्याडम, चला," सोमेश्वर म्हणाला. "बाई काठी घालंल डोक्यात."

सूर्य बाभळींना टेकत आला होता. कोकरं जाळीला तोंड लावून ओरडत होती. त्यांतली दोन एका कोपऱ्यात आडवी पडलेली होती.

"मामी, वाट मी बंद केली," दिपाली म्हणाली.

"काय म्हनली?"

"माळावरून आपली वाट होती ना, नाल्याकडून डांबरीकडं जाणारी. मोजणी झाली तेव्हा फीत माझ्या हातात होती. मोजणीवाल्यानं विचारलं, मधून काही वहिवाट वगैरे? मी नाही म्हणाले. नोकरीचा पहिला महिना होता. व्हय म्हणाले असते तर लोक म्हणाले असते, आपल्या माणसांसाठी जागा सोडली. तुम्ही सगळे त्या वेळी पावसाळ्याचे गावाकडं. विचारायला दुसरं कोणी नव्हतं. मेंढरं चुकली नाहीत मामी. ती वाटेनंच गेली."

भागाबाई बराच वेळ तिच्याकडं बघत राहिली. दिपाली सांगते, त्या नजरेपेक्षा काठी परवडली असती.

"मंग हे तिकडं सांगितलं का?"

"नाही."

"इथं सांगून काय उपेग? माज्या हातात काय हाय?" असं म्हणत तिनं जाळीची दोरी सोडली. "पडलेली दोन आधी घे. मान धरू नको, पोटाखाली हात घाल. इसरली का खाकी घालून?"

परत येताना भागाबाई मागं कोकरांमध्ये बसली. पुढं सोमेश्वर बराच वेळ गप्प होता. हे त्याच्या बाबतीत नवलच. गाव दिसू लागल्यावर तो म्हणाला, "म्याडम, आत्ता जे बोलल्या ते मिटिंगीत तुमी सांगता, का मी सांगू?"

"कोकरं पिऊ द्या," ती म्हणाली. "मग सांगते."

"मी सचिव हाय समितीचा. आज न्हाई सांगितलं तर मी सांगणार."

"बराबर आहे."

गाडी कोंडवाड्याशी आली तेव्हा दिवस मावळला होता. साखळी काढायला कुणी तयार नव्हतं. संतरामांनी दाराची एक फळी तेवढी उचलली आणि कोकरं एकेक करून आत द्यायची असं ठरलं. पण नव्वद मेंढ्यांत एकेचाळीस कोकरं सोडून चालत नाही, हेही आम्हाला तेव्हाच कळलं. मेंढी फक्त स्वतःचं पिल्लू पाजते, दुसऱ्याचं आलं तर लाथ मारते. भुकेलं कोकरू जी कास दिसेल तिला तोंड लावतं आणि मार खातं. त्या अंधूक उजेडात भागाबाई आत मधोमध उभी राहिली. बाहेरून आम्ही कोकरं धरून द्यायचो, ती कानाला, कपाळाला हात लावायची आणि नाव घ्यायची.

"कानकापीचं. त्या कोपऱ्यात. हे बांडीचं. हे मोरीचं, मोरी तुमच्या मागं हाय, मागं बघा की. तिचं नगं, ती चांदी हाय, ती मारती."

पंधरा-वीस माणसं आत शिरली. कुणी मोबाइलचा उजेड धरला, कुणी मेंढी धरून ठेवली. संतरामांनी धोतर वर खोचून मधे मधे येणाऱ्या एका शेळीला भिंतीशी दाबून धरलं होतं. माझ्याही हातात एक होतं, मुठीएवढ्या तोंडाचं, आणि त्याचं काळीज माझ्या तळहातावर धडधडत होतं. द्वारकाबाई पडलेल्या दोन कोकरांतलं एक मांडीवर घेऊन बोटानं दूध चाटवत होत्या. ते उठलं. दुसरं उठलं नाही. भागाबाईनं ते पदराखाली घेतलं आणि पुढच्याचं नाव सांगितलं.

सगळी लागली तेव्हा ओरडणं थांबलं. इतकं एकदम थांबलं, की माणसं आपोआप हळू बोलू लागली.

दिपालीनं तिथंच, दाराशी, सांगितलं. भागाबाईला सांगितलं तेच, पण उभं राहून आणि संतरामांकडं बघून. सोमेश्वर भिंतीला टेकून ऐकत होता. ती एखादं वाक्य गाळते का, यावर त्याचं लक्ष होतं. तिनं गाळलं नाही. एक वाढवलं: "आणि आज तीन तास कोकरांचं मला माहीत होतं, तरी मी गप्प बसले."

"म्हणजे," संतराम सावकाश म्हणाले, "आमच्या बायकांनी दोन उन्हाळे पाणी घातलं ते मेंढरांच्या वाटेवर. आणि तुला माहीत व्हतं."

"व्हय आबा."

"चरातून बायकांना पाण्याला जायला जागा ठेवली, तीबी त्याच वाटेवर?"

"ती तर मीच सांगितली व्हती," द्वारकाबाई म्हणाल्या. "तिथं जमीन तुडवलेली व्हती, पाय सरळ पडायचे. मला काय ठाव तिथं कोण तुडवून गेलं?"

"मेंढरू वाट इसरत न्हाई," मसाजी म्हणाला. "मी दोन सालांमागं आलो तर चर खणलेला. दोन्ही खेपेला लांबून वळसा घातला. कुणाला इचारू? आमचं गावात कोण हाय? तकलीफ नको म्हणून गुमान गेलो. औंदा मी हापशावर, अन् ही आपल्या पायानं गेली."

संतराम दिपालीवर ओरडतील असं मला वाटलं होतं. ते ओरडले नाहीत, आणि ते जास्त अवघड होतं. "तक्रार मी देणारच," ते म्हणाले. "पण आता नुसती ह्याच्यावर न्हाई. तुझ्यावरबी."

"द्या. मीच साहेबांकडं पोचवते."

शिबिरात या ठिकाणी काय करायला शिकवलं होतं, ते मी तिला नंतर विचारलं. ती म्हणाली, शिबिरात अधिकाऱ्याची स्वतःची चूक असलेलं भांडण कुणी लावून दिलं नव्हतं.

तक्रार सोमेश्वरनं लिहिली, त्याचं अक्षर बरं. पहिला मुद्दा एकोणसाठ रोपांचा. दुसरा जुन्या वाटेचा, की ती पुन्हा मोकळी करावी. तिसरा वनरक्षकाचा. खाली संतरामांची सही आणि तिच्याशेजारी मसाजीचा अंगठा. एकाच कागदावर दोघांचं नाव यायला तास गेला, कारण रोपांची भरपाई कशी हे ठरत नव्हतं. मेंढरं शेतात बसवली की लेंडीखत मिळतं आणि त्याबद्दल शेतकरी मेंढपाळाला धान्य देतो. हे धान्य न घेता कळप समितीच्या बायकांच्या शेतांत बसवायचा, असं मसाजी म्हणाला. संतराम म्हणाले आठ रात्री. मसाजी म्हणाला चार.

"तीन," भागाबाई म्हणाली. "एक लेकरू गेलं माजं."

द्वारकाबाईंनी तिच्या पदराकडं बघितलं. "तीन," त्याही म्हणाल्या, आणि संतरामांनी तेवढंच लिहायला सांगितलं.

सकाळी दहाला साहेब आले. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"वनरक्षकाविरुद्धची तक्रार वनरक्षकच आणून देते, असं मी नोकरीत पहिल्यांदा बघतोय," ते म्हणाले. "हे तुम्ही तीन वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर आराखड्यात एक रेघ बदलावी लागली असती. आता किती कागद बदलावे लागतील, कल्पना आहे?"

तिनं मान हलवली. जनावरं जामिनावर सुटली. दिपालीला कारणे दाखवा नोटीस मिळाली. तिचं उत्तर तिनं मला दाखवलं, साडेचार ओळींचं. मी दोन ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त केलं, बाकी कशाला हात लावावा असं त्यात काही नव्हतं. चौकशी अजून चालू आहे. पगारवाढ थांबेल असं सोमेश्वर म्हणतो. त्याला कुठून कळतं कोण जाणे.

वाट पुन्हा आखायची लेखी परवानगी मात्र फेब्रुवारीच्या शेवटी आली. दिपालीनं मसाजीला फोन करून बोलावलं. तो भागाबाईला घेऊन एस.टी.नं आला, मेंढरं पुतण्याकडं सोपवून. मी माळाच्या कडेला दगडावर बसून बघत होते. दिपालीच्या हातात चुन्याची पाटी, एका बाजूला मसाजी, दुसऱ्या बाजूला द्वारकाबाई, मागून फीत धरलेला सोमेश्वर. नाल्यापासून निघाले ते शंभर पावलं बिनबोभाट गेले आणि द्वारकाबाईंच्या ओळीशी अडले.

"दोन पावलं तिकडं सरक," द्वारकाबाई म्हणाल्या. "माझी सीताफळं येतात मधी."

"तिकडं उतार हाय," मसाजी म्हणाला. "गाभण मेंढी घसरती."

"घसरती तर हळू चालव."

"मेंढरू हळू चालत आसतं का? तुमी चालवून दावा."

"पाच सीताफळं हायेत ती. पाच. दोन उन्हाळे."

दिपाली चुन्याची पाटी घेऊन मधे उभी होती. तिनं वही काढली नाही. "मामा, तुम्ही या उतारावर उभे राहा," ती म्हणाली, सगळ्यांसमोर. "मावशी, तुम्ही सीताफळापाशी. मला दोघांचे पाय बघू द्या."

दोघं जाऊन उभी राहिली. मधे दीड पाऊल जागा होती. भागाबाई लांबून ओरडली, एवढ्यात तर दोन मेंढरंबी जोडीनं जात न्हाईत. द्वारकाबाईंनी कमरेवर हात ठेवले. दिपाली खाली वाकली, पहिल्या सीताफळाच्या बुंध्याभोवती बोटानं वर्तुळ काढलं आणि विचारलं, हे एक उपटून दुसरीकडं लावलं तर जगेल का? द्वारकाबाईंनी कमरेवरचे हात काढले. त्या रोपाशी बसल्या आणि मुळाजवळची माती हातानं उकरून बघू लागल्या.